आधी सुरतचा कागद, मग भुसावळचं घर

ताई,

तुमच्या पत्रात पैशाचा प्रश्न अगदी शेवटी पाच ओळींत आला आहे. त्याआधीची सगळी पानं तुम्ही 'हे पाल्हाळ वाटलं तर सोडून द्या' म्हणून लिहिलीत, पण उत्तर मला त्या पानांतच सापडलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई ४८ वर्षांच्या, अमळनेरच्या. चौदा वर्षांपूर्वी नवरा कामासाठी सुरतेला गेला आणि तिथेच दुसरं घर मांडून बसला. मागे दोन मुली. ताईंनी माहेरचं सोनं मोडून २०१३ मध्ये साडेतीन लाखांचा प्लॉट घेतला आणि २०१५ मध्ये सात लाख खर्चून पुढे गिरणी, मागे दोन खोल्या बांधल्या. दळण, मिरची कांडप, उन्हाळ्यात हळद-मसाला. मोठी मुलगी नाशिकला नर्स आहे, धाकटी बारावीला. घटस्फोट झालेला नाही, कारण ताईंच्याच शब्दांत, 'मी त्याला मोकळं का करू? राहू दे लटकत.'

दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या सिग्नल खात्यातले एक विधुर गृहस्थ कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं, दळण घेऊन आले. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हे काम अंगावर पडलेलं. ज्वारीत उडीद किती घालायचे, मीठ आधी टाकायचं की नंतर, काहीच ठाऊक नाही. ताईंनी सवयीप्रमाणे फटकारलं. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि दळण चांगलं झालं होतं म्हणून भाकरी बांधून घेऊन आले. मुली त्यांना सिग्नलकाका म्हणतात. काकांची मोटारसायकल वाजली की आईचा पट्टा घसरतो, असं चिडवतात म्हणे. भावजय मात्र 'आते या वयमा?' म्हणून नाक मुरडते.

आता प्रश्न. काका दोन वर्षांत निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार. त्यांना भुसावळला ४८ लाखांचं रो हाऊस आवडलं आहे. ताईंची जागा ३२ लाखांना जाते, असं दलाल म्हणतो. ती विकून ३२ लाख ताईंनी घालायचे, १६ लाख काकांनी, घर दोघांच्या नावावर. आणि येत्या वैशाखात मंगळग्रह मंदिरात साधेपणाने लग्न. मोठी मुलगी या सगळ्याच्या विरोधात आहे.

माझं उत्तर असं: जागा विकू नका. आणि लग्न करा, पण वैशाखात नाही.

आधी जागेचं. तुम्ही हिशेब घराचा केला आहे, विकली जाणार आहे गिरणी. तुम्हीच दिलेले आकडे धरू. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वीज, पट्टे, मदतनीस वजा जाता महिन्याला ४२ हजार राहतात, उरलेले आठ महिने १८ हजार. म्हणजे वर्षाचे ३ लाख १२ हजार. साडेसहा टक्के व्याजाच्या ठेवीतून एवढे पैसे हवे असतील तर बँकेत ४८ लाख ठेवावे लागतील. कबूल, गिरणीच्या कमाईत तुमचे हातपाय आहेत, ते व्याजात धरता येत नाहीत, आणि साठीनंतर पोतं उचलणं जमेलच असं नाही. तरीही ३२ लाखांना विकायला काढलेली वस्तू तुम्हाला आज पोसते आहे आणि वर डोक्यावर छप्परही देते आहे. भुसावळला नवी गिरणी टाकू म्हणता. थ्री-फेज कनेक्शन पैसे भरून मिळेल. पण डबा ठेवून 'मावशी, बारीक काढा' एवढं सांगून निघून जाणारी गिऱ्हाइकं? ती जमायला तुम्हाला इथे दहा वर्षं लागली.

व्यवहाराचा खर्चही कुणी धरलेला दिसत नाही. ४८ लाखांच्या खरेदीवर मुद्रांक आणि नोंदणी मिळून तीन लाखांच्या वर जातील. आपल्या राज्यात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. सोबत पुरुषाचं नाव आलं की ते ४८ हजार गेले. तुमच्या विक्रीवर साडेएकवीस लाखांचा नफा दिसतो. त्या सगळ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर बसला तर पावणेतीन लाखांच्या आसपास. नवं घर घेतल्यास सूट मिळते, पण राहत्या खोल्यांचा नियम वेगळा आणि गिरणीच्या गाळ्याचा वेगळा, म्हणून कधीकाळी विकायची वेळ आलीच तर आधी सीएला कागद दाखवा. आज ती वेळ नाही.

तुमच्या भावाने सुचवलेलं 'विकून शेअरमध्ये टाक, विप्रोसारखं होईल' हेही इथेच निकालात काढतो. १९४५ साली विप्रो अमळनेरात तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली, तिचे शेअर जपून ठेवलेली घरं श्रीमंत झाली, हे खरं. म्हणून तर अमळनेरात प्रत्येकाला शेअरबाजार कळतो असं वाटतं. त्याच काळात किती कंपन्यांचे कागद रद्दीत गेले, त्यांची गोष्ट ओट्यावर कुणी सांगत नाही.

आता जे तुम्हाला बहुधा कुणी सांगितलेलं नाही ते. कायद्याच्या नजरेत सुरतचा माणूस आजही तुमचा नवरा आहे. मृत्युपत्र न करता हिंदू स्त्री गेली तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचे पहिले वारस म्हणजे मुलंमुली आणि नवरा, सगळे समान हिश्श्याने. तुमच्या बाबतीत तीन वारस: दोन मुली आणि तो. उद्या काही झालं तर तुम्ही मिरचीच्या धुरळ्यात खोकत उभ्या केलेल्या जागेत तिसरा हिस्सा मागायला तो येऊ शकतो. चौदा वर्षांत एक रुपया पाठवला नाही, हे सांगून ते थांबत नाही. तुम्ही त्याला लटकत ठेवलं, असं तुम्हाला वाटत होतं. कागदावर लटकलेल्या तुम्ही होतात.

हाच धागा भुसावळपर्यंत नेऊन पाहा. घर दोघांच्या नावावर, हिस्सा कुठे लिहिलेला नाही. तुम्ही ३२ लाख घातलेत, म्हणजे दोन तृतीयांश; पण कुणी किती घातले हे सिद्ध करता आलं नाही तर दोघांचे हिस्से समान धरले जातात. काका आधी गेले, तर त्यांचा हिस्सा त्यांच्या पुण्यातल्या मुलाकडे जाईल आणि तुम्ही त्या मुलाच्या सहमालक. तुम्ही आधी गेलात, तर तुमचा हिस्सा मुलींकडे आणि सुरतकडे, आणि बिचारे काका तुमच्या जुन्या नवऱ्याचे सहमालक. हा विनोद नाही, असे दावे कोर्टात चालतात. काकांनी पैसे मागितले नाहीत, तुम्हीच पुढे केलेत, असं तुम्ही दोनदा लिहिलं आहे. माणूस सरळ दिसतो. पण खरेदीखत स्वभाव वाचत नाही.

मंदिरातलं लग्न तर आत्ता अजिबात नको. पहिला जोडीदार हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल असतं, आणि गुन्हाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तक्रार कुणी करायची? सुरतवाला करेल. त्याला तुमची जागा दिसली की नक्की करेल. वर काका सरकारी नोकर. जिचा नवरा हयात आहे अशा बाईशी लग्न करायला रेल्वेच्या सेवानियमांत मनाई आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांच्यावर खात्याची चौकशी लागावी, हे तुम्हाला चालेल का?

आणि यात तुमचंही मोठं नुकसान आहे. काका २००४ च्या आधी लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन. त्यांच्यामागे कायदेशीर पत्नीला कुटुंबनिवृत्तीवेतन मिळतं, शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आणि वर महागाई भत्ता. मूळ पगार ६० हजार धरला तर १८ हजार अधिक भत्ता, तहहयात. वय ७० झालं, गिरणी बंद पडली, तरी दर महिन्याला. शिवाय निवृत्त कर्मचाऱ्याच्या पत्नीला रेल्वेच्या आरोग्य योजनेत उपचार मिळतात. तुमच्याकडे आज आरोग्य विमा नाही, हे मी पाहिलं. देवासमोर हार घालून हे काही मिळत नाही. कायदेशीर लग्न निवृत्तीच्या आधी होऊन सेवापुस्तकात तुमचं नाव चढलं, तर पेन्शनच्या कागदात ते सरळ येतं. नंतरही चढवता येतं, पण तुम्हाला रेल्वे ऑफिसची पायरी किती वेळा चढायची आहे?

म्हणून पहिलं काम घटस्फोट. 'मोकळं का करू' हा तुमचा राग मी समजू शकतो, तो तुम्ही फुकट कमावलेला नाही. पण त्या रागाचं भाडं दर वर्षी तुम्हीच भरता आहात.

रस्ते दोन. तो तयार असेल तर परस्पर संमतीने. त्यालाही त्या बाईशी लग्न करता आलेलं नाही, तेव्हा तयार होईल असं मला वाटतं. यात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं, पण इतकी वर्षं वेगळे राहिलेल्यांना ते माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. तो अडला, तर सलग दोन वर्षांहून जास्त काळ सोडून गेल्याच्या कारणावरून तुम्ही एकट्या अर्ज करू शकता. सुरतेला खेटे घालायची गरज नाही, पत्नी राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. वकिलाच्या फीची धास्ती घेतली आहे तुम्ही, तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

इथे एका ठिकाणी डोळ्यांत तेल घाला. संमतीच्या मसुद्यात समोरचा वकील एक ओळ घुसवतो: पत्नीचा व मुलींचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही. तुमच्यापुरतं काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. मुलींचं सोडायचा अधिकार तुम्हाला नाही. पारोळ्याकडे सासरची वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, आईबापाच्या घटस्फोटाने तो जात नाही. सातबारा काढून ठेवा. अविवाहित मुलीचा सांभाळ आणि लग्नाचा रास्त खर्च हीदेखील बापाची जबाबदारी असते. एकरकमी काही मागायचं असेल तर ते मुलींच्या नावाने मागा, धाकटीच्या शिक्षणासाठी मागा. 'मला त्याचा पैसा नको' हे तुमचं वाक्य तुमच्यापुरतं ठीक आहे. पोरींच्या वतीने बोलू नका.

घटस्फोटाची वाट न बघता या महिन्यात करायचं काम म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार मुली नकोत, भावजय तर नकोच. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, पुढचे वाद कमी होतात. तुमच्या एलआयसीच्या २००८ च्या पॉलिसीवर 'वारस: पती' असं तुम्हीच लिहून पाठवलंय. ते बदला. बचत खातंही त्याच काळातलं आहे, तिथे कुणाचं नाव आहे ते शाखेत जाऊन पाहा. मी पैज लावायला तयार आहे.

पतसंस्थेतले चार लाख. एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवलेत. जळगाव जिल्ह्यात राहून पतसंस्था कशा बुडतात हे मी तुम्हाला सांगावं असं काही नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पावती डिसेंबरात पिकते आहे, नूतनीकरण करू नका. त्यातले दोन लाख बँकेत वेगळे ठेवा, मोटर जळाली, अंगावर दुखणं आलं तर. उरलेले दोन धाकटीसाठी.

धाकटीला बी. फार्म. करायचंय. तुम्ही ओबीसी आहात आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. २०२४-२५ पासून अशा मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. होस्टेल, मेस, पुस्तकं उरतात. त्यासाठी तिच्या सुकन्या खात्यातल्या ३ लाख ८० हजारांपैकी निम्मे शिक्षणाला काढता येतात. सोनं मोडायचा विचार लिहिलाय तुम्ही. सात तोळे एकदा प्लॉटसाठी मोडून झाले, आता जे आहे ते असू द्या.

मग काकांनी राहायचं कुठे? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, बहुधा तुमच्याच लक्षात आली नसेल: गवंड्याने वर दोन खोल्या काढायला नऊ लाख सांगितले होते. काकांकडे १६ लाख आहेत. त्यांनी भुसावळ सोडून अमळनेरात यावं, हे मला सगळ्यात स्वस्त आणि सोपं दिसतं. पण मग त्यांचा पैसा तुमच्या जागेवर उभा राहील आणि उद्या तुम्ही आधी गेलात तर मुली त्यांना बाहेर काढू शकतील. ही काळजी त्यांच्या बाजूने रास्त आहे, तिला उत्तर द्यायला हवं. मृत्युपत्रात लिहा की मालकी दोन्ही मुलींची, पण वरच्या मजल्यावर हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क त्यांचा. आणि त्यांनी घातलेले नऊ लाख तुम्ही घेतलेलं बिनव्याजी कर्ज म्हणून साध्या करारात लिहून ठेवा. त्यांना ते कधी परत नको असतील तर तेव्हा सोडतील. त्यांना भुसावळच हवं असेल, गाव आहे त्यांचं, तर त्यांनी स्वतःच्या पैशात बसेल तेवढं घर त्यांच्या नावावर घ्यावं आणि निवृत्तीची ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे येईपर्यंत थांबावं. दोन वर्षं क्वार्टर हातात आहे. घाई त्या दलालाला आहे.

'मला कुणाच्या जिवावर बसायचं नाही' हे तुम्ही लिहिलंत, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ३२ लाख पुढे करण्यामागे हेच आहे ना? एकदा कुणीतरी तुम्हाला ओझं समजून टाकून गेलं, म्हणून आता स्वतःची किंमत भरून आत शिरायचं. ताई, जे काका भाकरी बांधून तुम्हाला दाखवायला आले, ते खरेदीखत बघायला आले नव्हते. जिवावर बसायचं नसेल तर घरखर्चासाठी एक जोडखातं काढा, दोघांनी दरमहा सारखी रक्कम टाकायची, किराणा, वीज, दूध त्यातून. बाकी तुमचं तुमच्याकडे, त्यांचं त्यांच्याकडे. काकांनीही त्यांच्या मुलाला बसवून सांगावं, कुणाला काय मिळणार ते, आणि स्वतःचं मृत्युपत्र करावं. तो मुलगा गप्प आहे म्हणजे राजी आहे असं धरू नका.

मोठीचा विरोध तुम्हाला लागला आहे. 'आई, तू पुन्हा तेच करते आहेस' असं ती म्हणाली. तिचं वाक्य जरा वेगळ्या कानाने ऐका. काकांविरुद्ध तिने एक शब्द काढलेला नाही, निदान तुमच्या पत्रात तरी नाही. तिला बाळंतपणाला यायला, भांडून यायला मागच्या दोन खोल्या हव्या आहेत. वयाच्या नवव्या वर्षी तिने घरातलं एक माणूस जाताना पाहिलं, आता घरच जाताना दिसतंय. जागा विकत नाही, असं तिला आजच फोन करून सांगा. मग लग्नाचं बोला.

एप्रिल-मेमध्ये तुम्हाला जेवायला फुरसत नसते, तेव्हा विधी सेवा समितीकडे फेब्रुवारीच्या आत जाऊन या. जाताना लग्नाचा दाखला, तो नसेल तर पत्रिका आणि फोटो, मुलींचे जन्मदाखले, आणि तो निघून गेल्यानंतर तुम्ही पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच न्या. ती पोच तुम्ही चौदा वर्षं गिरणीच्या गल्ल्यात जपून ठेवली आहे, असं लिहिलंय. वकिलाला ती आधी दाखवा, कारण सोडून गेल्याची तारीख त्या कागदावर आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या, आणि मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या.

हे पत्र मोठीला वाचायला दिलंत तरी चालेल. तिच्या पगारातून दर महिन्याला ती तुम्हाला पाच हजार पाठवते आणि तुम्ही ते तसेच पतसंस्थेत टाकता, त्याबद्दल मला तिच्याशी वेगळं बोलायचं आहे. तिने स्वतंत्र लिहावं.